भिंतीकडे तोंड

इराप्पा गवंड्यानं थापीच्या मुठीनं भिंतीवर ठोकलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

“ही भिंत न्हवं दत्तोबा, पापड हाय. एकेरी वीट, वरनं मातीचा गिलावा. पलीकडं कोण शिंकलं तर हितलं मांजर दचकंल.”

“म्हणूनच ओल येती,” मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे. “तिकडं ह्याच भिंतीला पाण्याचा रांजण ठेवलाय त्यांनी. मुद्दाम.”

“मग आतल्या अंगानं विटांचा आणखी एक थर चढवू. सिमेंटचा गिलावा मारू. तिकडची ओल तिकडं.”

“चढीव की. सैपाकाचा ओटा परसाकडं, थर हिकडं. सगळं एकदमच उरकून टाक.”

माझ्या सासूबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचा हात थांबला. परातीतली भाकरी अर्धी थापलेली तशीच राहिली.

“त्या भिंतीला हात लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या.

हे त्या कुणाकडे बघून म्हणाल्या नाहीत. त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं. मामा, इराप्पा, दारात टेकून उभे असलेले माझे यजमान प्रभाकर आणि चहाच्या कपबशा घेतलेली मी, सगळेच त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि मामांच्या शब्दावर आत्यांनी आपला शब्द ठेवलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“का गं?” मामांनी विचारलं.

“न्हाई म्हंजी न्हाई.”

“अगं, पण कारण?”

आत्यांनी भाकरी अलगद उचलून तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. “ओटा बांधायचा तर बांधा. भिंत ऱ्हाऊ द्या.”

मामा इराप्पाकडे बघून हसले. “सोमवारी सामान घेऊन ये तू. ह्यांचं काय, आज एक असतंय, उद्या एक.”

इचलकरंजीतलं ते आमचं घर लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढच्या सोप्यात माग, मधल्या खोलीत सुताची बाचकी आणि आमची अंथरुणं, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं परसू. एकेकाळी ते याच्या दुप्पट रुंद होतं. दत्तोबा आणि बाबूराव सातपुते हे दोघे सख्खे भाऊ तिथं एकत्र राहत, एकत्र माग चालवत. प्रभाकर लहान असताना दोघांचं बिनसलं. माग होते सात. सात कसे वाटायचे यावरून सुरुवात झाली आणि दोघांनाही मिळू नये म्हणून सातवा भंगारात गेला. मग पुढच्या दारापासून परसापर्यंत घराच्या बरोबर मधून भिंत उभी राहिली. घाईनं बांधलेली, एकेरी विटेची. रागाच्या भरात बांधलेली भिंत किती जाड असणार.

मी आले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं, की पलीकडे बाबूकाका आणि भागीरथीकाकू राहतात, त्यांच्याशी आपण बोलत नाही. विहिरीवर गाठ पडली तर खाली बघायचं. कुणाच्या लग्नात समोर आल्या तर पदर सावरून पलीकडे व्हायचं. मी तसंच करत होते. भागीरथीकाकू एकदा बाजारात दिसल्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, नाकात मोठी नथ. त्यांनीही खाली बघितलं.

ओट्याचा हट्ट माझा होता. मी सांगलीची. माहेरी आमचं स्वयंपाकघर म्हणजे गावची चावडी होती. आई भाजी चिरता चिरता नकला करायची, बहिणी लसूण सोलता सोलता भांडायच्या, दादा दारात उभा राहून कच्चे शेंगदाणे खायचा. तिथं काम होतं म्हणून कुणी जायचं नाही. माणसं तिथं असायची म्हणून जायचं, आणि गेलं की काम अंगावर पडायचं. इथं उलटं होतं. सकाळपासून माग सुरू व्हायचे, खटक फटक, खटक फटक, आणि ते स्वयंपाकघरापर्यंत अंगात भिनायचे. खिडकी नाही. कौलात एक काचेचं कौल, त्यातून उन्हाचा पैसा जमिनीवर पडायचा आणि दिवसभरात हळूहळू या भिंतीकडून त्या भिंतीकडे जायचा. मी आणि आत्या दोघीच. त्यातही आत्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मला दिसायची ती त्यांची पाठ आणि अंबाडा.

बरं, मला जवळही बसू द्यायच्या नाहीत. भाकरीची वेळ झाली की म्हणायच्या, “माले, तू कपडे धू जा.” कपडे झाले की, “सोप्यात बसून भाजी निवड जा, हितं धूर हाय.” मी परत डोकावले तर त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. आणि असंही वाटायचं, की या बाईला आपल्या चुलीवर दुसऱ्या कुणाचा हात नको आहे.

मी प्रभाकरना म्हटलं होतं, “अहो, निम्मा जन्म जर त्या खोलीत जायचा, तर तिथं निदान उजेड तरी असू दे.” परसाकडच्या भिंतीला खिडकी पाडायची. खिडकीखाली ओटा. उभं राहून स्वयंपाक करायचा, समोर कढीपत्त्याचं झाड, कोनाड्यात रेडिओ. प्रभाकरनी गॅसचा नंबर लावला, आणि एक दिवस नंबर आलासुद्धा. मामाही कबूल झाले. आत्यांनी ‘करा’ म्हटलं. सगळं सुरळीत होतं, ते इराप्पानं भिंतीवर ठोकेपर्यंत.

त्या संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत. “भूक न्हाई,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारलं.

प्रभाकर मागाला तेल घालत होते तिथं मी गेले. “आत्यांचं काय बिनसलंय? ओलीची भिंत कुणाला हवी असते?”

“आईचं मला कधी कळलेलं नाही,” ते म्हणाले. “पण असं अडून बसलेली मी तिला बघितली नाही कधी. बाबांनी बांगड्या विकल्या तेव्हाही ‘बरं’ म्हणाली होती.”

“मग विचारा की तुम्ही.”

“मी विचारलं. म्हणाली, तुझं सूत बघ जा.”

म्हणून मीच विचारायचं ठरवलं. दुपारी भांडी घासून झाल्यावर आत्यांच्या शेजारी बसले. त्या कुळीथ पाखडत होत्या.

“आत्या, ओटा माझ्यासाठी नाही नुसता. तुमचे गुडघे दुखतात. उभं राहून केलंत तर बरं नाही का?”

“बरं हाय की.”

“आणि भिंतीची ओल गेली तर पीठ खराब होणार नाही.”

“व्हय.”

“मग?”

सुपातले कुळीथ एकदा वर गेले आणि खाली आले. “तू हुशार हायस, माले,” आत्या म्हणाल्या. “तुझं घर हाय, तुझ्या मनासारखं कर. मी काय, आज हाय.”

ही मला चपराकच वाटली. मी उठून गेले. मनात म्हटलं, ठीक आहे. सोमवारी इराप्पा येईल, थर चढवेल, ओटा बांधेल. आठ दिवस रुसतील, मग नव्या ओट्यावर त्याच पहिल्यांदा दूध तापवतील.

रविवारी सकाळी मी परसात कपडे धूत होते. साबण संपला म्हणून आत आले. माग जोरात होते. आत्या नेहमीसारख्या चुलीपुढं, तोंड भिंतीकडे, आणि त्यांचा आवाज लागला होता. शब्द कळत नव्हते. मागांच्या खटखटीत आवाजाचा नुसता झोका ऐकू येत होता. माझी आजोळची माणसं खेड्यातली, तो झोका मला ओळखीचा होता. जात्यावरचा होता.

आणि नेमकी वीज गेली.

माग एकदम थांबले. माग थांबले की आमच्या घरात जी शांतता व्हायची ती अंगावर यायची, कुणीतरी पांघरूण ओढून घ्यावं तशी. त्या शांततेत आत्यांच्या ओवीची शेपटी उघडी पडली.

“सून माझी शिकलेली, हिला खिडकीचा नाद…”

आत्या झटकन गप्प झाल्या. पण पलीकडच्या बाईला तेवढं भान राहिलं नाही. भिंतीतून, विटांच्या पोटातून, बारीक, किनरा आवाज आला:

“वाऱ्यासंगं बोलंल ती, तुला देईल का सा…”

तोही मधेच तुटला. पलीकडे एक भांडं पडलं.

आत्यांनी मान वळवली. दारात मी, हात कोपरापर्यंत साबणाचे.

तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा मी पुढं होऊन ती काढली.

“मला खिडकीचा नाद?” मी म्हटलं. दुसरं काहीच सुचलं नाही.

“मग खोटं हाय का?” आत्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं. ते लगेच गेलंही. “बस हितं. हळू बोल. आता माग बंद हायती.”

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चुलीपुढं, त्यांच्या बरोबरीनं, भिंतीकडे तोंड करून.

“हितं जातं हुतं,” आत्यांनी चुलीवर बोट ठेवलं. “ह्याच जागंला. भागी लगीन हून आली तवा केवढी हुती, परकरातनं नुकती लुगड्यात आलेली. पहाटं दोघी दळाय बसायचो. मी हिकडं, ती तिकडं. तोंडाला तोंड. मी एक ओळ म्हणायची, दुसरी तिनं जोडायची. आडली तर त्या दिशी पाणी तिनं भरायचं. कधी आडली न्हाई. मीच पाणी भरायची.”

“मग भिंत आली.”

“भिंत आली ती जात्यावरनंच आली. जातं कुणाचं, त्यावरनं पण भांडली ही दोघं. शेवटाला गिरणीच्या दारात टाकून आली. तवा तिनं तिकडं चूल मांडली, मी हिकडं मांडली. आमी हाय तिथंच हाय.”

मी भिंतीकडे बघितलं. धुरानं काळी झालेली, खाली ओलीनं फुगलेली.

“पण आत्या, बोलायचं नाही ना?”

“कुठं बोलतो?” आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काही वेडंवाकडं बोलले. “ह्यांनी आमाला चौंडेश्वरीच्या देवळात न्हेलं हुतं. दोघींच्या हातावर भंडारा ठिवला. येका शब्दानं बोलणार न्हाई म्हणून शपथ घ्याय लावली. ती आमी मोडली न्हाई. आजवर मी तिला ‘कशी हायस’ म्हणून सुद्धा इचारलं न्हाई. ओवी म्हंजी काय बोलणं न्हवं. ओवी जात्याची असती.”

“मग सुरुवात कुणी केली?”

“कुणी न्हाई. येकदा लाकडं वली निघाली. डोळं नुसतं चुरचुरत हुतं. माझं मीच म्हणलं, ‘चूल माझी वली बाई, धूर डोळ्यांत मावंना.’ मला काय ठावं, ती ऐकतीया. तिकडनं आलं, ‘रडाय निमित्त झालं, कुणा सांगाया लागंना.’” आत्यांनी पदरानं नाक पुसलं. “त्या दिशी मला लई हसू आलं. हसू आलं आणि रडू बी. धूर हुताच.”

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, सलग नाही, भाकऱ्या थापता थापता, हळू आवाजात. माग चालू असले की पुढं सोप्यात काही ऐकू जात नाही, म्हणून ओव्या म्हणायच्या त्या माग चालू असतानाच. माग थांबले की गप्प. प्रभाकरना गोवर आला ते पलीकडे ओवीतून कळलं, आणि त्यावर कडुनिंबाचा पाला कसा लावायचा तेही ओवीतूनच आलं. भागीरथीकाकूंचं शेवटचं मूल गेलं तेव्हा आत्यांना भिंत ओलांडता आली नाही. त्यांनी महिनाभर रोज एक ओवी दिली. पलीकडून एकही जोड आली नाही. महिन्यानंतर एक आली. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण काय बोललं, कुठली बाई कसलं लुगडं नेसली, सगळं. गावाची टिंगलसुद्धा. माझी तर रोजच होत असणार.

“म्हणून मला कपडे धुवायला पाठवत होतात.”

“तू सांगितलं असतंस तर?”

“कुणाला?”

“पोरी, नवी माणसं सांगत्यात. जुनी पण सांगत्यात.” त्यांनी शेवटची भाकरी दुरडीत ठेवली. “ह्या घरात मला जे काय म्हणून सुख झालं ते हितं झालं, ह्या धुरात. लोक म्हंत्यात बाईचा जलम चुलीत गेला. माझा जाऊ दे की. मी खुशीनं घातलाय. आता तो इराप्पा उद्या थर चढवंल. वरनं सिमेंट. मग ढोल वाजवला तरी तिकडं जायचा न्हाई.”

“मामांना सांगते मी.”

“खुळी हायस का?” त्या पहिल्यांदाच घाबरल्या. “त्यास्नी कळलं तर थर न्हाई, ते दोन थर चढवत्याल. ऱ्हाऊ दे. तू तुझी खिडकी कर. आमची वयं झाली. किती दिवस जोडणार ओव्या?”

वीज आली. माग सुरू झाले. आत्या भिंतीकडे वळल्या, थोडा वेळ थांबल्या, पण काही म्हणाल्या नाहीत. पलीकडूनही काही आलं नाही.

सोमवारी इराप्पा विटा घेऊन आला. हातगाडी परसाच्या दाराशी लागली. मामा बंडीचे हात वर सारून उभे होते, कारण आपल्या घरात विटा येणं हा त्यांना सणच वाटायचा. आत्या चूल विझवून कोपऱ्यात बसल्या होत्या. चुलीवरचा तवा काढून ठेवलेला. रात्रभर मी विचार करून थकले होते. खरं सांगता येत नव्हतं, खोटं सुचत नव्हतं. इराप्पानं भिंतीला दोरी लावली, ओळंबा सोडला, आणि दोरी भिंतीपासून जेवढी आत आली तेवढ्यावर जमिनीवर खडूनं रेघ मारली.

त्या रेघेकडे बघताना मला एकदम सुचलं.

“मामा,” मी म्हटलं, “थर आपल्याच बाजूनं का?”

“मग? तिकडनं लावू देईल का तो?”

“म्हणजे ही एवढी जागा आपली जाणार.”

मामांनी खाली बघितलं. “कुठली?”

“ही. भिंतीपासून रेघेपर्यंत. वीतभर.”

“वीतभर न्हाई,” इराप्पा म्हणाला. “थोडी कमीच.”

मामा उकिडवे बसले. अंगठा भिंतीला टेकवला आणि करंगळी रेघेवर नेली. ती बरोबर पोचली.

“वीतच हाय,” ते म्हणाले.

“आणि त्यांची जागा तेवढीच राहणार,” मी म्हटलं. “ओल करायची त्यांनी आणि जागा द्यायची आपण. उद्या कधी मोजणी झाली, तर मधली भिंत कुठली म्हणायची? आतली की बाहेरची?”

मामा उठले नाहीत. त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. “ते बाबू म्हणणार, हीच मूळची भिंत,” ते हळूच बोलले. “लगेच म्हणणार. म्हणायलाच बसलंय ते.”

“दत्तोबा, पर ओल…” इराप्पा म्हणाला.

“ओलीला घाल चुलीत. थर नको.”

“बरं, मग ओटा खिडकीकडं घिऊ?”

प्रभाकर माझ्याकडे बघत होते. कढीपत्त्याचं झाड परसात हलत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली.

“ओटा इकडे घ्या,” मी म्हटलं. “ह्याच भिंतीला. आपला ओटा भिंतीला बिलगून असला, तर जागा कुणाची हे कुणी विचारायला नको.”

“अगं, तूच तर खिडकीखाली म्हणत होतीस,” प्रभाकर म्हणाले.

“खिडकी पाडू की. ती राहू दे मागं.”

“मागं? मग तुझीच सावली पुढं पडेल.”

“पडू दे.”

मामा आता उठले. गुडघे झाडले. “बघ इराप्पा,” ते म्हणाले, “म्हणून शिकलेली सून करावी. आपल्याला इतकी वर्षं हे सुचलं न्हाई.” आणि ते मोठ्या खुशीत सोप्यात गेले.

कोपऱ्यात आत्या बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायाच्या बोटांकडे. मग उठून इराप्पाला म्हणाल्या, “लई उंच बांधू नगंस. मला गुडघ्याचा तरास हाय, पर वाकाय येतंय.” आणि त्याच्यासाठी चहा टाकायला पुन्हा चूल पेटवायला लागल्या.

ओटा झाला. काळ्या कडप्प्याचा, मधे गॅसची शेगडी. आत्यांना पहिले काही दिवस उभं राहणं जड गेलं. पाय बदलून बदलून उभ्या राहायच्या. दुसरी अडचण अशी झाली, की आत्या आता वर उभ्या आणि भागीरथीकाकू तिकडं खाली बसलेल्या, तेव्हा आवाज नीट जाईना. आत्या ओट्यावर वाकून, कान खाली नेऊन ऐकायच्या. पण तेही फार दिवस राहिलं नाही. दत्तोबाच्या घरी ओटा झाल्याचं बाबूकाकांना कळलं. महिन्याच्या आत त्यांनी तिकडं ओटा बांधला, त्याच भिंतीला, आणि इराप्पालाच बोलावून. मामांच्या ओट्यापेक्षा बोटभर उंच. इराप्पानंच ते येऊन सांगितलं. मामा दोन दिवस घुश्श्यात होते. आत्या भाजीला फोडणी देता देता हसल्या.

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी उभी राहू लागले. कपडे धुवायला आता कुणी पाठवत नव्हतं. माझी सावली पोळपाटावर पडायची, तिच्यावरच मी पोळ्या लाटायची. एक ओळ इकडून जायची, एक तिकडून यायची, आणि मधे मी कांदा चिरताना ऐकायची. कधी हसून माझी पोळी फाटायची. मला माहेरची चावडी आठवायची, पण हिच्यात जास्त मजा होती, कारण इथलं एक माणूस दिसतच नव्हतं. आत्या कधीतरी ओळ टाकून माझ्याकडे बघायच्या, की जोड तू. मला जमायचं नाही. शाळेत व्याकरण शिकलेली मी, मात्रा मोजत बसायची, तोवर पलीकडून उत्तर आलेलं असायचं.

“मोजू नगंस,” आत्या म्हणायच्या. “भाकरी मोजून थापतीस का?”

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आत्यांचा डोळा एकाएकी लाल झाला आणि ठणकायला लागला. त्यांना दिसेनासं झालं तशी प्रभाकरनी पहाटेच्या एस.टी.नं त्यांना कोल्हापूरला नेलं, सरकारी दवाखान्यात. सगळं इतक्या घाईत झालं, की भिंतीला काही सांगायला वेळच मिळाला नाही. निघताना आत्यांनी एका हातानं डोळा दाबून धरला होता, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. काहीतरी म्हणायला लागल्या. पण मामा दारातच उभे होते.

त्या दिवशी मी स्वयंपाक कसातरी उरकला. माग चालू होते. पलीकडून एक ओळ आली, मी ऐकली आणि गप्प राहिले. मी कोण उत्तर देणारी. दुसऱ्या दिवशी ओळ आली नाही. नुसतं भिंतीवर उलथन्यानं टकटक झालं, आणि मग थोड्या वेळानं पुन्हा. मी पीठ मळत उभी होते. प्रभाकर अजून परतले नव्हते. डोळा वाचेल की नाही, ते मलाही माहीत नव्हतं. आणि भिंतीपलीकडे एक बाई, जिला कुणाला विचारायलाही जाता येत नाही, ती काय काय मनात आणत असेल, ते मला कळत होतं.

दुपार व्हायच्या आत आवाज आला. नेहमीसारखा किनरा नव्हता, जड होता:

“दोन दिस झालं बाई, तुझी हाक येईना…”

आणि थांबला. वाट बघत थांबला.

माझे हात पिठानं भरलेले. मी भिंतीच्या इतकी जवळ गेले, की कपाळाला तिची ओल लागली. मला सूर येत नव्हता, मात्रा येत नव्हती. जे आलं ते म्हटलं:

“डोळा दावायाला त्या कोल्हापूरला गेल्या, हितं मला एकटीला करमेना.”

माग खटखटत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू गेलं आणि त्या भिंतीपासून दूर झाल्या. मग अगदी कानाशी, ओवीत नाही, साध्या बोलीत विचारलं गेलं:

“कोण गं? नवी काय?”

मी दचकले. “होय काकू. पण तुम्ही बोलताय.”

“तुझ्यासंगं न बोलायची मी कुठं शपथ घेतलीया?” आवाज थोडा कापला, मग सावरला. “डोळ्याचं काय म्हंत्यात?”

“अजून कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं हे येतील, मग सांगते.”

“सांग. उलथनं वाजीव, मी हितंच हाय.” मग थोडं थांबून, “आणि तुझी ओळ लांबलीया.”

“मला येत नाही, काकू.”

“येतंय की. पुढचं लांबलंय तेवढं मोड. मागनं येक शबुद काढ. बघ, आपसूक बसंल.”

मी तव्याखालचा गॅस बारीक केला. मनातल्या मनात ती ओळ पुन्हा म्हणून बघितली. पुढचं कोल्हापूर गेलं, ते सोपं होतं. मग मागचं बघितलं. जो शब्द जास्तीचा होता तो लगेच सापडला.

“डोळा दावाया त्या गेल्या, हितं मला करमेना,” मी म्हटलं.

‘एकटीला’ निघून गेलं होतं. ओवी बसली.

“हां,” काकू भिंतीतून म्हणाल्या. “आता पुढची घे.”